कोकणातला चढ आणि न सुकणारा घाम

नकाशात कोकणची किनारपट्टी सपाट वाटते. पण रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला सायकलने निघा, किंवा दाभोळच्या फेरीबोटीतून धोपाव्याला उतरून गुहागरची वाट धरा, थोड्याच वेळात पायडल जड होतं. खाडीकाठच्या वाडीतून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, सड्यावरून खाली पुढच्या खाडीला, की पुन्हा वर. सह्याद्रीचे घाट वेगळे. सावंतवाडीहून आंबोलीला जाताना एकच लांबलचक चढ अंगावर घ्यावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. किनाऱ्यालगतच्या घाट्या त्या मानाने बुटक्या, शे-दीडशे मीटरच्या, पण खड्या आणि एकामागून एक येणाऱ्या.

हे घडवलं जांभ्याने. लाखो वर्षांच्या उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली आणि त्यांचा टणक थर माथ्यावर जमला. समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांनी तो थर जिथे चिरला तिथे खाड्या झाल्या. मधले सपाट माथे म्हणजे आपले सडे. मित्रमंडळींनी मिळून सुट्टीच्या सकाळी सायकली काढाव्यात आणि या सड्यांवर चढून यावं, तब्येत राखायला यापेक्षा चांगला व्यायाम मला तरी माहीत नाही. मात्र इथे खरी परीक्षा चढाची नसते, हवेची असते. ते समजून घ्यायला आधी चढाचा हिशेब मांडू.

समजा चालवणाऱ्याचं वजन ७० किलो आणि सायकल १४ किलोची. हे ८४ किलो दीडशे मीटर वर न्यायला सुमारे १ लाख २३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. पंधरा मिनिटांत चढलो तर सरासरी १३७ वॅट, म्हणजे सेकंदाला १३७ ज्यूल. टायरचं घर्षण आणि खड्ड्यांतले धक्के यात धरलेलेच नाहीत. आता स्नायूंचं गणित पाहा. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच ते पायडलपर्यंत पोचवू शकतात. म्हणजे एका घाटीला १२० ते १५० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि त्यातला किमान तीनचतुर्थांश वाटा उष्णता होऊन शरीरातच राहतो. त्या पंधरा मिनिटांत शरीर दर सेकंदाला ४०० ते ५५० ज्यूल उष्णता तयार करत असतं, आणि ती बाहेर टाकावी लागते. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

गिअर या ऊर्जेत काडीचीही बचत करत नाहीत. ते फक्त तिचे लहान लहान हप्ते पाडतात. हल्लीच्या माउंटन बाइकला पुढे ३२ दात्यांचं आणि मागे सर्वांत मोठं ५० दात्यांचं चक्र असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात २९ इंची चाक जेमतेम दीड मीटर पुढे सरकतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचं चाक त्याच एका फेऱ्यात पाच मीटरहून पुढे जातं. म्हणून ती सायकल घाटीत हातात धरून न्यावी लागते, आणि माउंटन बाइकवर बसल्या बसल्या ताशी पाच-सहा किलोमीटरने चढता येतं. गुडघे जपायचे असतील तर चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकावा. चढावर जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन कुरकुरते आणि दातेही झिजतात.

चढ, उतार, पुन्हा चढ ही रचना हृदयासाठी फार मोलाची आहे. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम इथल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एका गटाने चार मिनिटं जोरदार श्रम, मग तीन मिनिटं हलका व्यायाम, अशी चार आवर्तनं आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे केली. एकसारख्या संथ गतीने धावणाऱ्यांपेक्षा या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता जास्त वाढली, कारण हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातून बाहेर पडणारं रक्त वाढलं होतं. कोकणातला रस्ता अशीच आवर्तनं आपसूक करून घेतो. खाडीवर फेरीबोटीची वाट बघावी लागली तर सक्तीची विश्रांतीही देतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र पहिले काही आठवडे चढ सावकाशच चढावेत. हृदय आणि स्नायू लवकर तयार होतात, सांधे आणि कंडरा मागून येतात.

कच्च्या वाटेचा आणखी एक फायदा हाडांना होतो. डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगमध्ये हाडांवर फारसा भार येत नाही. माउंटन बाइक शर्यतपटूंची हाडं रस्त्यावरच्या शर्यतपटूंपेक्षा जास्त घन असल्याचं तपासण्यांत आढळलं आहे. धक्के खात, हँडल पेलत चालवण्याचा तो परिणाम असावा.

उताराला चढाचं सगळं देणं चुकतं करावं लागतं. वर नेताना साठवलेले ते १ लाख २३ हजार ज्यूल, वेग वाढू दिला नाही तर, ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतात. तेवढ्यात दोन कप चहाचं पाणी उकळेल. माउंटन बाइकिंगच्या इतिहासातही ही उष्णता आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही मित्रांनी जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यत लावली. उतार संपेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघे आणि दर वेळी नवं ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रिपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं, असं पडलं. त्यांच्यातल्या जो ब्रीझने पुढच्याच वर्षी डोंगरासाठी खास सायकल बांधली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आजचे डिस्क ब्रेक पुष्कळ सोसतात, तरी अख्खी घाटी ब्रेक दाबून धरत उतरू नये. वळणाआधी नेटाने दाबावा, मग सोडावा. मधल्या वेळात वारा डिस्कला थंड करतो.

जांभ्याच्या वाटेवर सुटी, गोल रेव असते. तिच्यावर पुढचा ब्रेक वळणात दाबला की चाक निसटतं. टायरमधली हवा थोडी कमी असेल तर रबर दगडांना बिलगतं, पकड वाढते आणि धक्क्यांत वाया जाणारी ऊर्जाही वाचते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा कसलाच टायर कामाचा नाही. तसंही त्या दिवसांत सड्यावर सायकल घालू नये असं मला मनापासून वाटतं. बोटभर मातीत तेव्हा दवबिंदू आणि सीतेची आसवं फुललेली असतात. ही कीटकभक्षी झाडं नुसत्या पायानेही चिरडतात. शिवाय उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा ठिकाणी सड्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. त्यांच्यावरून टायर नेणं म्हणजे हजारो वर्षं टिकलेली रेषा आपल्या हाताने पुसणं.

आता त्या ४०० ते ५५० वॅटच्या उष्णतेकडे वळू.

उष्णता बाहेर टाकायचं शरीराचं मुख्य साधन म्हणजे घाम, आणि तोही सुकला तरच उपयोगाचा. एक ग्रॅम घामाची वाफ होताना तो त्वचेकडून सुमारे २४०० ज्यूल घेऊन जातो. आपल्या घाटीची सगळी उष्णता घामावरच सोडायची तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम सुकायला हवा. नुसता यायला नव्हे, सुकायला. चढावर कोपरावरून ओघळून सायकलच्या दांड्यावर टपटपणारा थेंब पाहा: तो शरीरातून पाणी आणि मीठ घेऊन गेला, उष्णता मात्र जवळजवळ तशीच ठेवून गेला.

घाम सुकण्याचा वेग ओल्या त्वचेलगतच्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पदाबातल्या फरकावर ठरतो. ३५ अंश तापमानाच्या ओल्या त्वचेलगत हा दाब ५.६ किलोपास्कल असतो. रत्नागिरीत ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतला बाष्पदाब ३.६ किलोपास्कल येतो, म्हणजे फरक २ चा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हवेतला दाब १.३, फरक ४.३. थर्मामीटर सहा अंशांनी खाली असूनही कोकणात घाम सुकायला निम्म्याहून कमी ओढ मिळते. घाटावरून आलेला, तिकडे पन्नास किलोमीटर सहज मारणारा मित्र इथे वीस किलोमीटरवर गळून जातो, तो यामुळे. त्याची ताकद कमी पडलेली नसते.

त्यात हृदयाची दुहेरी ओढाताण होते. पायांच्या स्नायूंना रक्त हवं, आणि उष्णता बाहेर टाकायला त्वचेलाही हवं. घामावाटे पाणी गेल्याने मुळात रक्तच आटलेलं. म्हणून तोच चढ त्याच वेगाने चढत असलो तरी तासाभराने ठोके वाढलेले दिसतात. सवयीने यात फार फरक पडतो. रोज थोडा वेळ अशा हवेत व्यायाम केला तर एक-दोन आठवड्यांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. पाहुण्या मित्राला पहिल्याच दिवशी मोठ्या फेरीला नेऊ नये.

वेळ पहाटेची गाठावी. पहाटे सापेक्ष आर्द्रता दुपारपेक्षा जास्त दाखवते, मग ती वेळ बरी कशी? थंड हवेत मुळात बाष्प मावतंच कमी. जानेवारीच्या पहाटे २० अंशांना ८५ टक्के आर्द्रता असली तरी बाष्पदाब २ किलोपास्कलच भरतो. शिवाय थंड हवा अंगातली उष्णता थेटही ओढून घेते, आणि ऊनही नसतं. मतलई वारे तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतात. दहा-अकराच्या सुमारास खारे वारे सुरू होतात आणि एक गंमत होते: किनाऱ्याकडून पूर्वेला चढताना वारा पाठीवर असतो, आणि त्याचा वेग आपल्याइतकाच असला तर अंगाला वाराच लागत नाही. झाडाचं पान हलत असतं आणि आपण मात्र कोंडलेल्या हवेत असल्यासारखे उकडत असतो. जमलं तर उशिराचा चढ पश्चिमेकडे तोंड करून घ्यावा.

पिण्याबद्दल थोडक्यात. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर वजन करावं. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. घामाच्या लिटरमागे अर्धा ते दीड ग्रॅम सोडियम जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण त्या मानाने सोडियम कमी. म्हणून नुसत्या शहाळ्यावर भागवू नये. मीठ-साखर घातलेलं आमसुलाचं सरबत चांगलं. आणि परतल्यावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज! आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून येतं. जलसंजीवनीचं तत्त्व हेच, आणि तांदळाच्या पेजेत दोन्ही असतात. तासन् तास नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायकपणे उतरू शकतं, हेही ध्यानात असू द्यावं.

सोबतीचा परिणाम तर विज्ञानाने सायकलस्वारांवरच पहिल्यांदा टिपला. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. घड्याळाशी एकट्याने झुंजणाऱ्यांपेक्षा इतरांबरोबर धावणारे स्पष्टपणे वेगवान होते. पुढच्याच्या आडोशाने वारा कमी लागतो हे एक कारण होतंच. म्हणून ट्रिप्लेट यांनी मुलांना मासेमारीच्या गळाची चकरी फिरवायला लावून पाहिलं. तिथे वाऱ्याचा प्रश्न नाही, तरी जोडीने फिरवताना पुष्कळ मुलांचा वेग वाढला. आपल्या घाटीत ताशी सहा किलोमीटरला आडोशाचा लाभ जवळपास शून्य असतो, म्हणजे चढावर मिळतं ते निव्वळ सोबतीचं बळ. ऑक्सफर्डच्या वल्हेपटूंवर झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला प्रयोगही असाच. खेळाडू मोजकेच होते, पण तेवढेच श्रम एकत्र केल्यावर त्यांची वेदना सोसण्याची ताकद एकट्याने केल्यापेक्षा जास्त वाढलेली दिसली.

दमट हवेत हेच बळ अंगाशी येऊ शकतं. मित्र पुढे दिसतो, पाय थांबत नाहीत, आणि शरीराचं तापमान चढत राहतं. यावर उपाय म्हणजे चढावर गप्पा मारणं. बोलायला श्वास लयीत सोडावा लागतो. श्रम ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की शरीरात कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होऊ लागतो, श्वास शरीराच्या ताब्यात जातो आणि वाक्य तुटायला लागतं. अख्खं वाक्य बोलता येतंय तोवर श्रम मध्यम, दोन-तीन शब्दांवर धाप लागली तर जास्त. छातीला पट्टा नको, मनगटाला घड्याळ नको. बडबड्या मित्र गप्प झाला की सगळ्यांनी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, सावलीला थांबून दम खावा, पाणी प्यावं.

उष्माघात झालेल्याला स्वतःला तो बहुधा कळतच नाही, कारण तापलेला मेंदू निर्णयच नीट घेत नाही. ते सोबत्याने ओळखायचं असतं. मित्र असंबद्ध बोलतोय, विनाकारण चिडतोय, सायकल सरळ धरता येत नाही, तोल जातोय, अशी लक्षणं दिसली की फेरी तिथेच संपली असं समजावं. घाम येतोय म्हणून ‘काही नाही, दमलाय’ म्हणू नये. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. त्याला सावलीत आडवं करावं, हेल्मेट आणि बूट काढावेत, १०८ ला फोन लावावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हात चालू ठेवावेत: जवळची विहीर, पऱ्या (ओढा), नळ, मिळेल ते थंड पाणी सर्वांगावर ओतत राहावं आणि वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. शरीराचं तापमान ४० अंशांपलीकडे गेलेलं असताना पहिल्या अर्ध्या तासात ते खाली आणणं सर्वांत महत्त्वाचं असतं, म्हणून आधी थंड करायचं, मग हलवायचं.