झाडाचा एसी भर दुपारी मंद का होतो?

एप्रिल लागला की तो फॉरवर्ड येतोच, "एक झाड म्हणजे 10 एसी, रोज 20 तास". यंदा सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आला, म्हणून शेवटी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एक टनाचा एसी तासाला साधारण 3.5 युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता खोलीबाहेर काढतो, असे 10 एसी 20 तास चालले की झाले 700 युनिट. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जवळपास 0.68 युनिट उष्णता लागते. म्हणजे त्या एका झाडाने रोज हजार लिटर पाणी पानांतून उडवायला पाहिजे, गच्चीवरची अख्खी काळी टाकी! मोठं डेरेदार झाड, मुळाशी भरपूर ओल, तर शंभर-दोनशे लिटर उडवेलही, पण कुंपणाला लावलेलं कडुनिंबाचं पोर एवढं पाणी आणणार कुठून? आणि 20 तास तर सोडाच, कारण अंधार पडला की बहुतेक झाडं शटर ओढून घेतात.

हे शटर बघायला मिळतं. आंब्याच्या पानाला खालच्या बाजूने बिनरंगी नेलपॉलिशचा पातळ हात द्या, वाळलं की सेलोटेपने अलगद उचला आणि शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली धरा. राजम्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा पेशींच्या जोड्या दिसतात, मधे बारीकशी फट. ती फट म्हणजे पर्णरंध्र आणि ते दाणे म्हणजे रक्षक पेशी.

आता माझा आवडता भाग. सकाळच्या उजेडातला निळा प्रकाश या पेशींना कळतो. कळला की त्यांच्या पडद्यातले पंप हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, बाहेर फेकायला लागतात, त्यामुळे आतली बाजू आणखी ऋण होते, त्या ओढीने पोटॅशियमचे आयन ठरलेल्या दारांतून आत घुसतात, जोडीला क्लोराइड येतं, मॅलेट नावाचं सेंद्रिय आयन बहुतेक पेशीतच तयार होतं, आणि आत एवढे क्षार साठले की परासरणाने पाणी मागोमाग येतंच. पेशी टम्म फुगते, आतला दाब कारच्या टायरच्या दहापटही होतो. पण ती फुग्यासारखी गोल का होत नाही? कारण तिच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे हातातल्या बांगड्यांसारखे आडवे गुंडाळलेले असतात. जाड व्हायला वाव नाही, मग ती लांब होते, आणि दोघींची टोकं एकमेकींना चिकटलेली असल्यामुळे लांब होताना धनुष्यासारखी वाकते. फट उघडली! ना स्नायू, ना मेंदू, नुसतं मीठ-पाणी.

(याच प्रकाशावरून आठवलं, पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो हाही फॉरवर्डच. ऑक्सिजन निघतो तो प्रकाशाच्या जोरावर पाण्याचा रेणू फोडून, अंधारात पिंपळ असो की बाभूळ, कोणालाच ते जमत नाही.)

फट उघडते ती काही आपल्याला गारवा द्यायला नाही, कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू उडून जातात, इतका महागडा सौदा. दुपारी हवा कोरडी ठक्क होते, पानातून पाणी उडण्याची ओढ वाढते आणि खोडातल्या पाण्याच्या सलग धाग्यावर ताण येतो. ताण फार झाला तर धाग्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी कामातून जाते. म्हणून जमीन कोरडी असली तर झाड अॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वापरतं. ते आलं की रक्षक पेशी पोटॅशियम बाहेर सोडतात, पाणी पाठोपाठ जातं, पेशी सैल पडतात, फट मिटते. म्हणजे आपल्याला गारव्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्या वेळी एसी मंद! सावली तेवढी मिळते, ती मात्र खरी.

चार-साडेचारला ऊन कललं की काही झाडं पुन्हा थोडी उघडतात. दिवसभरात खोड केसभर बारीक झालेलं असतं, हे संवेदनशील यंत्राने मोजता येतं. रात्री पानांवरच्या फटी मिटल्या तरी मुळं पाणी ओढत राहतात आणि पहाटेपर्यंत खोड परत भरतं. फॉरवर्डवाल्यांच्या हिशेबात झाड रात्रीही एसी चालवत असतं, प्रत्यक्षात ते तेव्हा टाकी भरत असतं.