असांटे कोटोको
असांटे कोटोको : पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या कुमासी शहराचा फुटबॉल क्लब. घानाची राष्ट्रीय लीग सर्वाधिक वेळा जिंकणारा संघ. १९७० व १९८३ या वर्षींचा आफ्रिकन क्लब विजेता. कुमासी ही असांटे (जुन्या लेखनात अशांटी) राज्याची राजधानी. असांटेहेने, म्हणजे असांटेंचा राजा, हा क्लबचा आश्रयदाता असतो. घानाची राजधानी अक्रा येथील हार्ट्स ऑफ ओक हा त्याचा परंपरागत प्रतिस्पर्धी.

स्थापना व नाव : क्लबचे स्थापनावर्ष सामान्यतः १९३५ दिले जाते. प्रत्यक्षात ते संघाला आजचे नाव मिळाल्याचे वर्ष आहे. क्लबमध्ये चालत आलेल्या हकिगतीनुसार क्वासी कुमा या कुमासीच्या तरुणाने अक्रा येथे फुटबॉलचा सामना पाहिला आणि गावी परतल्यावर, १९२४ च्या सुमारास, सवंगडी जमवून खेळ सुरू केला. ‘रेनबो’ नावाच्या या चमूचे १९२६ मध्ये ‘अशांटी युनायटेड’, १९३१ मध्ये ‘टायटॅनिक्स’ आणि १९३४ मध्ये ‘मायटी ॲटम्स’ असे नामांतर होत गेले. तरीही यश येईना, तेव्हा दोष नावालाच देण्यात आला. जे. एस. के. फ्रिम्पाँग या शिक्षकाच्या पुढाकाराने व दुसरा प्रेम्पे या राजाच्या अनुमतीने १९३५ मध्ये ‘कोटोको’ हे नाव ठरले.

ही सनावळी राजघराण्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ब्रिटिशांनी १८९६ मध्ये पकडून नेलेला व पुढे सेशेल्स बेटांवर ठेवलेला पहिला प्रेम्पे १९२४ मध्ये कुमासीला परतला. १९२६ मध्ये त्याला ‘कुमासीहेने’ ही मर्यादित पदवी मिळाली. १९३१ मध्ये तो वारला आणि दुसरा प्रेम्पे गादीवर आला. ३१ जानेवारी १९३५ रोजी असांटे राज्यसंघ पुन्हा स्थापन होऊन दुसरा प्रेम्पे असांटेहेने झाला. चारही वर्षे क्लबच्या हकिगतीत जशीच्या तशी आढळतात. हा योगायोग असू शकेल. पण मैदानावरच्या आठवणी मागाहून राजाच्या सनांभोवती रचल्या गेल्या असणे अधिक संभवनीय वाटते. १९३५ च्या नामकरणाचे मात्र तसे नाही. जवळजवळ चार दशकांनी राज्य परत मिळालेल्या समाजाने त्याच वर्षी आपले राजचिन्ह (‘कोटोको’, म्हणजे साळिंदर) खेळाडूंच्या हवाली करावे, हे सयुक्तिक आहे. म्हणून नामकरण हीच क्लबची खरी स्थापना मानणे योग्य.

‘कोटोको’ हा असांटेंच्या त्वी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ साळिंदर. काटे झडले तरी त्यांच्या जागी नवे उगवतात, यावरून असांटेंचे युद्धवाक्य आले : ‘कुम आपेम आ, आपेम बेबा’, म्हणजे ‘हजार मारा, हजार येतील’. राजाच्या सल्लागार मंडळालाही कोटोको म्हणत. त्यामुळे क्लबने नाव थेट प्राण्यावरून घेतले की या मंडळावरून, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. परंतु दोन्ही वाटा साळिंदराशीच पोचतात. क्लबच्या मानचिन्हावर साळिंदरच आहे.

१९६७ चा अंतिम सामना : आफ्रिकन चॅम्पियन क्लब चषकाच्या या अंतिम फेरीत कोटोकोची गाठ काँगोतील एंगलबेर (आजचा टीपी माझेम्बे) या संघाशी पडली. कुमासीत १–१ व किन्शासात २–२ अशी बरोबरी झाली. बाहेरच्या मैदानावरील गोल अधिक मोलाचा धरण्याचा नियम तेव्हा या स्पर्धेला लागू असता, तर किन्शासात दोन गोल करणारा कोटोको तिथेच विजेता ठरला असता. तो नसल्याने तिसरा सामना कॅमेरूनमधील याउंदे येथे ठेवण्यात आला. कोटोकोचा संघ तेथे पोचलाच नाही आणि चषक एंगलबेरला देण्यात आला. सामन्याचा निरोप घानाच्या फुटबॉल संघटनेकडून क्लबपर्यंत आला नाही, असे सांगितले जाते व ते बहुधा खरे असावे. कुमासीतील जुन्या पिढीला हा चषक हिरावून घेतल्यासारखाच वाटत आला आहे, आणि गुणफलक पाहता ते समजण्याजोगे आहे.

१९७० च्या स्पर्धेत पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत आले. जानेवारी १९७१ मध्ये कुमासीतील सामना १–१ असा सुटला. परतीचा सामना कोटोकोने किन्शासात २–१ असा जिंकला. टोपी घालून गोल राखणारा रॉबर्ट मेन्सा हा त्या संघाचा लाडका गोलरक्षक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अक्राजवळच्या तेमा येथील एका बारमधील भांडणात फुटक्या बाटलीने भोसकला जाऊन त्याचा अंत झाला. इब्राहिम संडे (१९७१) व अब्दुल रझाक (१९७८) हे आफ्रिकेचे सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरले.

१९८२ च्या अंतिम फेरीत कैरोच्या अल् अहलीने कोटोकोला हरवले. पुढच्याच वर्षी कैरोत ०–० व कुमासीत ओपोकु एन्टी याच्या एकमेव गोलावर १–० अशी कोटोकोने परतफेड केली. १९९३ मध्ये कैरोच्याच झमालेककडून अंतिम फेरीत पेनल्टींवर पराभव झाला.

९ मे २००१ : अक्रा येथे हार्ट्स ऑफ ओक २–१ ने पुढे असताना कोटोकोच्या संतप्त समर्थकांनी खुर्च्या मैदानात फेकल्या. पोलिसांनी भरलेल्या सज्जांवर अश्रुधूर सोडला. दरवाजे बंद होते. जिन्यांवर गुदमरून व चेंगरून सव्वाशेहून अधिक माणसे मेली. १२६ व १२७ असे दोन्ही आकडे आढळतात. चौकशी आयोगाने पोलिसांच्या वर्तनाला मुख्यतः जबाबदार धरले. दरवर्षी या दिवशी मृतांचे स्मरण केले जाते.

क्लबचे घरचे सामने कुमासीतील बाबा यारा मैदानावर होतात. बाबा यारा हा कोटोकोचा चपळ विंगर. १९६३ च्या रस्ता अपघातात त्याच्या कण्याला इजा झाली. तो पुन्हा खेळू शकला नाही व १९६९ मध्ये वारला. २०२१–२२ ची राष्ट्रीय लीग कोटोकोने जिंकली.