खाजण

भरतीचे खारे पाणी बांध व झडपेच्या दाराने आवरून, पावसाळ्यात भात आणि उरलेल्या काळात मासळी देणारी खाडीकाठची उथळ जमीन. बेळगाव-कारवार सीमाभागाला समुद्र लाभतो तो कारवारच्या बाजूने. तेथे काळी नदीच्या मुखाजवळ आणि दक्षिणेस कुमठ्यानजीक अघनाशिनीच्या खाडीत अशा जमिनी आहेत. कन्नडमध्ये त्यांना ‘गजनी’ म्हणतात.

शब्दाच्या मुळाविषयी एकमत नाही. पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘कासाना’ या रूपावरून ‘खाजण’ आला, असे काहींचे मत आहे. परंतु गोव्यातील बांदोडे येथे सापडलेल्या, कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मा याच्या ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचे दान आणि ती बांध घालून भाताखाली आणण्याचा उल्लेख येतो. हा लेख अक्षरवळणावरून साधारणपणे पाचव्या-सहाव्या शतकातला मानला जातो. पोर्तुगीजांनी गोवा घेतले ते 1510 मध्ये. तेव्हा त्यांनी स्थानिक शब्दच आपल्या उच्चारात उचलला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘गजनी’चे ‘खज्जन’शी ध्वनिसाम्य उघड आहे, मात्र तेवढ्यावरून नाते ठरवणे घाईचे होईल.

सारा व्यवहार दारावर, म्हणजे गोव्यातील ‘मानशी’वर, चालतो. पावसाने जमिनीतला खार धुतला गेला की मोड आणलेले बी फेकतात. अघनाशिनीकाठचे ‘कग्गा’ हे उंच वाढणारे भात खारेपणा सोसते आणि काही दिवस पाण्याखालीही तग धरते. कापणीनंतर धसकटे तशीच राहतात आणि भरतीचे पाणी आत घेतले जाते. कुजत्या धसकटांवर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांवर कोळंबी पोसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, रात्री ओहोटी लागताच दाराच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे बांधतात. पाण्याच्या ओढीने कोळंबी त्यात उतरते आणि कंदिलाच्या उजेडात तिचे डोळे लाल ठिणग्यांसारखे चमकतात. शेवटे, काळुंदर, चणक हे मासे व कुर्ल्याही मिळतात. चिखलातले खुबे व तिसऱ्या वेचण्याचे काम बहुतांशी बायकांचे असते.

बांधाबाहेर तिवर व कांदळ ही खारफुटीची झाडे वाढतात. बगळे, खंड्या, पाणकावळे आणि ऊद तेथे आढळतात.

खानापूरच्या रानाला लागून असलेल्या जोयडे तालुक्यात उगम पावणाऱ्या काळी नदीवर सुपे व कद्रा येथे धरणे आहेत. वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या गोड्या पाण्याने तिच्या खाडीतला खारेपणा उतरतो आणि शिंपल्यांची वाढ खुंटते. अघनाशिनीवर मोठे धरण नाही, म्हणून दोन्ही खाड्यांची तुलना अभ्यासकांना उपयुक्त ठरली आहे. 1990 नंतरच्या दशकात अनेक ठिकाणी भात सोडून निव्वळ कोळंबीचे तलाव झाले आणि त्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 च्या निकालाने किनारपट्टीतील अशा तलावांवर निर्बंध घातले, पारंपरिक पद्धतीला मात्र त्यातून वगळले. अघनाशिनीची खाडी 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली.