ऑपरेशन कोणत्या साली झालं? वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरची सत्तरी

पायाला मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, नावं आठवत नाहीत, जिना चढताना दम लागतो, पलंगावरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सत्तरीतल्या माणसाने हे सांगितलं की घरात उत्तर तयार असतं: वय झालं. पण वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर यातली प्रत्येक तक्रार त्या ऑपरेशनमुळेही असू शकते, आणि वेळेत ओळखली तर बहुतेक वेळा हटते. ती ओळखायला पोटात नेमकं काय कापलं आणि कशाला काय जोडलं, हे माहीत असावं लागतं. दर दहा-पंधरा वर्षांनी ही पद्धत बदलत गेली. म्हणून अशा रुग्णाला आधी साल विचारावं, वजन नंतर.

या वयाचे रुग्ण दोन तऱ्हांचे असतात. काहींचं ऑपरेशन सत्तरीच्या आसपासच झालेलं असतं. काहींचं चाळिशीत किंवा पन्नाशीत झालेलं असतं, आणि ते तीच जोडणी घेऊन म्हातारे झालेले असतात. दुसऱ्या गटाकडे फारसं लक्ष जात नाही. त्यांची फाइलही बहुधा हरवलेली असते.

सुरुवात आतड्यापासून झाली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शल्यविशारदांनी १९५४ साली आतड्याचा बराचसा भाग वगळण्याची पद्धत मांडली. पुढे लॉस एंजेलिसमध्ये पेन आणि डीविंड यांनी तिचं माप ठरवलं: लहान आतड्याच्या सुरुवातीचा १४ इंच भाग शेवटच्या ४ इंचांना जोडायचा. म्हणजे काही मीटर लांबीच्या आतड्यातलं जेमतेम अर्धा मीटर वापरात राहायचं. वजन झपाट्याने उतरायचं, जुलाबही तितकेच व्हायचे. न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला चिकटून बसे. एरवी अन्नातल्या ऑक्झॅलेट या खडे बनवणाऱ्या क्षाराला बांधून ठेवणारं हेच कॅल्शियम. ते न उरल्याने ऑक्झॅलेट मोकळं होऊन रक्तात जाई आणि मूत्रपिंडात खडे होत. यकृतही निकामी होऊ लागलं, तेव्हा १९८०च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. पण तिशीत हे ऑपरेशन करून घेतलेले काही जण आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना वारंवार मूतखडा होत असेल किंवा मूत्रपिंडाच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढत असेल, तर त्याचं कारण त्या १४ आणि ४ इंचांत शोधावं.

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांना वेगळीच गोष्ट दिसली होती. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन नंतर सहजी वाढत नव्हतं. त्यावरून त्यांनी आणि चिकाशी इतो यांनी १९६६ मध्ये जठराचा बायपास सुरू केला. वर छोटी पिशवी ठेवायची, उरलेलं जठर न काढता बाजूला सारायचं आणि पिशवीला थेट आतडं जोडायचं. पित्त उलटून पिशवीत येऊ नये म्हणून १९७७ मध्ये केंटकीतल्या वॉर्ड ग्रिफन यांनी ‘वाय’ आकाराची जोडणी वापरली. ती मुळात स्वित्झर्लंडमधल्या सीझर रू यांची, एकोणिसाव्या शतकातली. आजचा बायपास म्हणजे हाच: साधारण ३० मिलीलिटरची पिशवी आणि तिला जोडलेला १०० ते १५० सेंटिमीटरचा आतड्याचा पदर.

त्या काळी जठर स्टेपलरने नुसतं दाबून बंद करत, कापून वेगळं करत नसत. काही वर्षांनंतर ती टाचणी उसवायची आणि दोन्ही कप्पे पुन्हा एक व्हायचे. १९८५ साली बायपास झालेल्या माणसाचं वजन पुन्हा वाढलं, म्हणून त्याच्या जिभेला दोष देण्याआधी दुर्बिणीने आत पाहिलं पाहिजे.

१९८०च्या दशकात मेसन यांनीच आतड्याला हात न लावणारी पद्धत काढली. जठरात उभी टाचणी मारायची आणि पिशवीच्या तोंडाला जाळीची पट्टी बांधायची. आतडं शाबूत, त्यामुळे पोषणाची कमतरता कमी, असा हिशोब. पण पट्टीपाशी तोंड आवळत गेलं. पोळी, मांस अडकू लागलं. आइस्क्रीम, गोड दूध, बिस्किटं मात्र अलगद उतरायची. लोक मग त्याकडे वळले. १९९०च्या दशकात सलाइन भरून घट्ट-सैल करता येणारी सिलिकॉनची पट्टी रूढ झाली. तिला २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाची परवानगी मिळाली. पन्नाशीत ती बसवलेल्यांना सत्तरीत रात्री खोकला येतो, पाणी घशाशी परततं, कधी पट्टी सरकते, कधी जठरात रुतते. पट्टीला नळीने जोडलेल्या, त्वचेखालच्या बटणात सुई घालून सलाइन काढलं की बऱ्याच जणांना तात्पुरता आराम पडतो. पण हे बटण कशाचं, हे जवळच्या दवाखान्यात कोणाला माहीतच नसतं!

पोटाला छोटी छिद्रं पाडून होणाऱ्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सगळंच बदललं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. १९९४ मध्ये सॅन डिएगोच्या विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी त्याच मार्गाने केलेल्या बायपासची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर आली स्लीव्ह. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून केळ्यासारखी नळी ठेवायची. मुळात ती अतिलठ्ठ रुग्णांसाठी दोन टप्प्यांतल्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होती. पहिल्या टप्प्यातच काम भागतं असं दिसल्यावर ती स्वतंत्र ऑपरेशन म्हणून रुजली, आणि आज आपल्याकडेही हीच जास्त होते. तिचं दुखणं म्हणजे आम्लपित्त. छातीत जळजळ नसली तरी काही वर्षांनी अन्ननलिका दुर्बिणीने तपासून घ्यावी.

वयाची रेघही अशीच सरकत गेली. १९७०च्या दशकात पन्नाशी ओलांडलेला रुग्ण ‘वयस्क’ समजला जाई. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) ४०, किंवा सोबत आजार असल्यास ३५, ही अट घातली आणि ती तीन दशकं टिकली. २००५ मध्ये मेडिकेअर या सरकारी योजनेतल्या १६ हजारांवर रुग्णांचे आकडे बाहेर आले. ६५ किंवा त्याहून अधिक वयाच्या रुग्णांपैकी ११.१ टक्के वर्षभरात दगावले होते, त्याखालच्या वयात ३.९ टक्के. कमी ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या हाती मृत्यू जास्त होते. योजनेने आधी ६५च्या पुढच्यांना पैसे नाकारायचा मसुदा काढला. फेब्रुवारी २००६ च्या अंतिम निर्णयात मात्र वयाची अट गेली, आणि ऑपरेशन मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावं अशी अट आली. ती अट २०१३ मध्ये काढून टाकण्यात आली. १९९७ ते २००२ मधल्या रुग्णांचे ते आकडे आजच्या स्लीव्हला लावून घाबरवणं चूक आहे; पण सत्तरीत सर्जनचा सराव विचारायचा असतो, हा त्यातला धडा शिळा झालेला नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वयाची वरची मर्यादाच नाही. पाहायचा तो जर्जरपणा. आशियाई लोकांसाठी त्यांनी बीएमआयचा आकडा २७.५ पर्यंत खाली आणला. आपल्या विमा नियामकाच्या प्रमाणित कलमात मात्र अजून जुनेच ४० आणि ३५ आहेत, त्यामुळे सर्जन ‘हो’ म्हणतो आणि विमा कंपनी ‘नाही’.

जर्जरपणा घरीही ताडता येतो. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला १२ किंवा जास्त सेकंद लागत असतील, तर आशियाई निकषांनुसार स्नायू कमी पडतात. मुठीची ताकद पुरुषात २८ किलोच्या आणि बाईत १८ किलोच्या खाली असेल तर तेच. ऑपरेशननंतर वजनासोबत स्नायूही उतरतो. तिशीतला माणूस तो भरून काढतो, सत्तरीतल्याला ते जड जातं. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीतून उठ-बस, भिंतीवर जोर, रबरी पट्टा ओढणं.

आणि प्रथिनं. दिवसाला किमान ६० ग्रॅम. आपल्या ताटात हा आकडा गाठणं किती कठीण, ते मोजून पाहावं. ३० ग्रॅम मूगडाळीच्या वरणात ७ ग्रॅम. अंड्यात ६. २०० मिलीलिटर दुधात ६ ते ७. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९. बैठकीला अर्धी-पाऊण वाटीच जाते, म्हणून ताटात आधी डाळ, अंडं, मासा, पनीर खायचं. भात-भाकरी पोटात जागा उरली तर. ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत १५ ग्रॅम मिळतात, पण त्या नीट शिजवून बारीक कराव्यात. उपवास हा इथला खरा अडथळा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, नुसता स्टार्च. बायपास झालेल्या माणसाला खिचडीनंतर एक ते तीन तासांत घाम, थरथर, गळून जाणं होऊ शकतं: साखर एकदम चढते, इन्सुलिन धावतं आणि साखर खाली कोसळते. गुळाचा चहा, शिरा, पुरणपोळीनेही हेच.

वजन उतरलं की कवळी सैल होते, हे आधी कोणी सांगत नाही. मग चावलं जात नाही, आणि संत्र्याचा चोथा किंवा शेवग्याच्या शेंगेचे धागे पिशवीच्या तोंडाशी गोळा होऊन अडकतात. कवळी नव्याने बसवून घ्यावी. कवळी चिकटवायच्या क्रीममध्ये जस्त नाही ना, हेही पाहावं. जास्त जस्त पोटात गेलं की तांबं कमी पडतं, आणि तांब्याच्या कमतरतेने पायातली संवेदना आणि तोल जातो. दिसायला हुबेहूब बी१२ च्या कमतरतेसारखं.

बी१२ शोषायला जठरातून येणारा एक घटक लागतो. बायपासमध्ये अन्न त्या भागाला टाळून जातं, स्लीव्हमध्ये तो भागच कापलेला असतो. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता तिसऱ्या-चौथ्या वर्षी डोकावते, म्हणजे पथ्यपाणी आणि तपासण्या सोडून दिल्यावर. त्यात शाकाहार, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन, आम्लपित्ताची गोळी आणि वय ही आणखी चार कारणं. रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, हे आयुष्यभर. नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते.

कॅल्शियमच्या गोळीची चिठ्ठी नीट वाचावी. ‘कॅल्शियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम’ म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम सुमारे २१० मिलिग्रॅम. गरज आहाराबरोबर मिळून १२०० ते १५०० ची. कार्बोनेट स्वस्त, पण त्याला आम्ल लागतं, आणि ते आता कमी बनतं, म्हणून सायट्रेट. एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शोषलं जात नाही. लोहाच्या गोळीपासून दोन तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. म्हणजे पहाटे थायरॉइड, दुपारी आणि रात्री जेवणाबरोबर कॅल्शियम, मधे संध्याकाळी लोह. हाडं ठिसूळ निघाली तर आठवड्याची तोंडावाटे घ्यायची गोळी नको, ती पिशवीला जखम करते. आधी ड जीवनसत्त्व भरून मग वर्षातून एकदा शिरेतून औषध देतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या औषधांनी. वजन उतरताना रक्तदाब आणि साखर दोन्ही उतरतात, गोळ्या मात्र त्याच राहतात. मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू, खाणं पूर्वीच्या चौथाईवर: साखर कोसळते. लघवी वाढवणारी गोळी चालू, पाणी घोटघोट: रात्री उठताना माणूस पडतो आणि खुबा मोडतो. रक्तदाब झोपून आणि मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत मोजावा. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळ्या कमी करायची वेळ आली. सावकाश विरघळणाऱ्या, नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असलेल्या गोळ्या बायपासनंतर भरवशाच्या नाहीत. आणि गुडघेदुखी! डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या गोळ्यांनी पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होतो, कारण तिथल्या आतड्याला आम्लाची सवय नसते. पॅरासिटामॉल चालतं, पण दुकानात मागितलं की बऱ्याचदा अॅसिक्लोफिनॅक मिसळलेलंच हातात पडतं. पाकिटामागचं वाचून घ्यावं. तंबाखू कुठल्याही रूपात नको.

एक धोका कितीही वर्षांनी उभा राहतो. बायपासमध्ये आतडं वर ओढताना आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात फटी पडतात, आणि त्यांत आतडं अडकू शकतं. पूर्वी त्या नेहमी शिवत नसत, आणि वजन उतरून चरबी झडली की त्या रुंदावतात. जेवणानंतर बेंबीभोवती अचानक मुरडा, पुढे वाकलं की बरं वाटतं, एक्स-रे साफ. अशा वेळी सीटी स्कॅन आणि सर्जन लगेच लागतो, गॅसची गोळी नव्हे.

म्हणून पाकिटात एक कार्ड असावं. त्यावर ऑपरेशनचं नाव, साल, पिशवीचा आकार, वगळलेल्या आतड्याची लांबी. बायपास असल्यास, नेहमीच्या दुर्बिणीने जुनं जठर आणि पित्तनलिकेचं तोंड दिसत नाही, ही ओळ. त्याखाली: डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं देऊ नयेत. आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत: उलट्या चालू असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) द्यावं. आधी ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायमिन संपतं, आणि काही तासांत नजर फिरते, चाल लटपटते, भान जातं.