केळीची गाडी, बनिहालचा बर्फ आणि टायरला साखळी

रावेर-सावद्याची केळी ट्रकने उत्तरेत जातात, काही थेट काश्मीरपर्यंत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या जळगावात टायरची काळजी म्हणजे उन्हाळ्याची काळजी: हवा जास्त नको, टायर गुळगुळीत झालेला नको. पण बनिहाल-काझीगुंड पट्ट्यात बर्फ पडला की वाहतूक पोलीस सांगतात, बर्फात पकड यावी म्हणून टायरला गुंडाळायची साखळी असेल तरच गाडी पुढे न्या.

ही साखळी शंभर वर्षांहून जुनी. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड यांनी १९०४ साली तिचं पेटंट घेतलं. चिखलात चाक फिरू नये म्हणून लोक टायरला दोर गुंडाळत, ते पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. पुढे १९३४ मध्ये फिनलंडच्या एका रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियनने, खास बर्फासाठी ट्रकचा टायर काढला आणि दोन वर्षांत मोटारीचाही. त्याची नक्षी खोल, आडव्या पट्ट्यांची. खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फाची बर्फावरच पकड येते.

मग आले खिळ्यांचे टायर. पकड उत्तम, पण रस्ते सोलले गेले. जर्मनीने ते सत्तरच्या दशकात बंद केले. जपानात डांबराची इतकी धूळ उडू लागली की १९९० मध्ये कायदाच करावा लागला. (धुळीचं दुःख धुळेकरांना काय सांगावं!)

खिळे गेल्यावर खरं काम रबराने केलं. साधारण ७ अंशांखाली साधं रबर कडक होऊन घसरतं. सिलिका मिसळलेलं हिवाळी रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावर १९९९ पासून तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असतं.

आपल्याकडे मात्र साखळीच टिकली, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच आहे. जळगाव ते श्रीनगर जवळपास दोन हजार किलोमीटर, त्यात बर्फ थोडासाच. धुळ्यात जानेवारीच्या एखाद्या पहाटे ७ अंश होतातही, पण दुपारच्या तापल्या डांबरावर मऊ टायर भराभर झिजेल. साखळी पेटीत पडून राहते. इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच ती लावायची, गाडी सावकाश हाकायची आणि कोरडा रस्ता लागताच काढायची.

टायरइतकंच रेडिएटरकडेही बघावं. उन्हाळ्यात गाडी तापली की आपण साधं पाणी ओततो. ते गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉकसुद्धा तडकवतं. पूर्वी परदेशात त्यात अल्कोहोल घालत, पण ते उडून जाई. नंतर ग्लायकॉलचं कूलंट आलं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असेल तर उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही.

डिझेलचंही तेच. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं, फिल्टर तुंबतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलं. भर हिवाळ्यात लेहला जाणाऱ्याने खालच्या डिझेलने टाकी फुल करून वर चढू नये, तिथलंच भरावं.