पत्र्यावरून कागदावर, कागदावरून पत्र्यावर

घरच्या घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक भाग जोडायची, तांब्याच्या रेघांची पाटी) करणारा माणूस जुना लेझर प्रिंटर घ्यायला गेला, की त्याचे प्रश्न दुकानदाराला चक्रम वाटतात. मिनिटाला किती पानं निघतात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. काळा रंग किती दाट बसतो, गुळगुळीत कागद आत गुंडाळला जातो का आणि छापलेली रेघ मापात भरते का, एवढंच त्याला हवं असतं. कारण तो नक्षी गुळगुळीत कागदावर छापतो आणि टोनर, म्हणजे प्रिंटरची काळी पावडर, इस्त्रीने तांब्याच्या पत्र्यावर उतरवतो. या प्रश्नांचं मूळ टोनरच्या जन्मकथेत आहे.

२२ ऑक्टोबर १९३८, न्यूयॉर्कमधला अस्टोरिया भाग. चेस्टर कार्लसन दिवसा एका इलेक्ट्रिकल कंपनीच्या पेटंट विभागात काम करायचा. सारखी नक्कल करून तो वैतागला होता. त्याने आणि मदतनीस ओटो कोर्नाईने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासून विद्युतभारित केला. काचेवर शाईने तारीख आणि ‘अस्टोरिया’ लिहून ती काच पत्र्यावर ठेवली आणि वर प्रखर दिवा लावला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीत तो टिकला. वर भुरभुरवलेली बारीक पावडर तेवढ्याच जागी चिकटली. मग मेणकागद दाबून गरम केला आणि अक्षरं कागदावर उतरली.

म्हणजे जगातली पहिली ‘झेरॉक्स’ उष्णता देऊन पत्र्यावरून कागदावर आली. आपण इस्त्री फिरवून कागदावरून तांब्याच्या पत्र्यावर नेतो, ती हीच क्रिया उलटी. टोनर नुसत्या नकलेपलीकडे वापरायचं सुचायलाही फार काळ लागला नाही. हॅलॉइड कंपनीने (हीच पुढची झेरॉक्स) १९४९ मध्ये पहिलं यंत्र काढलं. हाताने चालवायचं ते किचकट धूड नकला काढायला फारसं चाललं नाही, पण ऑफसेट छपाईच्या मास्टर प्लेट करायला छापखान्यांनी ते उचललं. बटण दाबून नक्कल देणारं ९१४ मॉडेल यायला १९५९ उजाडलं.

पीसीबीची गोष्टही कार्लसनच्या प्रयोगाच्याच, १९३० च्या दशकातली. व्हिएन्नाहून इंग्लंडला आलेला पॉल आयस्लर १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये रेडिओच्या तारा जोडत बसण्याऐवजी त्या छापता येतील का, याच्या मागे लागला होता. तांब्यावर नक्षी झाकायची आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवायचं, ही पद्धत आजही बदललेली नाही. हौशी लोक ती झाकणी इनॅमल पेंटने, मार्करने, बहिणीच्या नेलपॉलिशने करत आले. डीआयपी आयसीच्या (दोन रांगांत पाय असलेल्या चिपच्या) शेजारच्या दोन पायांत २.५४ मिमी अंतर असतं, त्यामुळे हात स्थिर असेल तर निभत होतं. तांबं विरघळवणाऱ्या फेरिक क्लोराइडचे शर्टावरचे पिवळे डाग मात्र आजवर कुणाच्या आईने काढलेले मी पाहिले नाहीत.

लेझर प्रिंटरची कल्पना झेरॉक्समधल्या गॅरी स्टार्कवेदरची. झेरॉक्सचं ९७०० हे अवाढव्य यंत्र १९७७ मध्ये आलं. टेबलावर मावणारा एचपी लेझरजेट आला तो १९८४ मध्ये, ३,४९५ डॉलरला. त्याच्या पोटातलं इंजिन कॅननचं होतं आणि ड्रम (कार्लसनच्या पत्र्याचं काम करणारा दंडगोल), टोनर सगळं एकाच कार्ट्रिजमध्ये. कार्ट्रिज बदललं की यंत्राचा निम्मा आजार गेला. जुने प्रिंटर आजही विकत घेण्याजोगे राहतात ते या रचनेमुळे.

त्या लेझरजेटला इंचात ३०० ठिपके होते, १९९२ च्या लेझरजेट ४ मध्ये ६०० झाले. पाव मिलिमीटरचा ट्रॅक, म्हणजे पीसीबीवरची तांब्याची रेघ, पहिल्यात जेमतेम तीन ठिपक्यांचा, दुसऱ्यात सहाचा. तीनातला एक गळाला तर ट्रॅक कुरतडल्यासारखा दिसतो. म्हणून ६०० च्या खालचा प्रिंटर फुकट मिळाला तरी बारीक कामाला घेऊ नये. १२०० च्या मागे लागण्यातही अर्थ नाही, कारण इस्त्रीखाली टोनर तेवढा पसरतोच.

खरा कळीचा मुद्दा टोनर. तो म्हणजे काजळी आणि, कॅनन-एचपीच्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये, चुंबकीय लोह-ऑक्साइड मिसळलेलं बारीक प्लॅस्टिक. फेरिक क्लोराइड तांबं खातं, प्लॅस्टिकला हात लावत नाही. पाण्यात विरघळणारी इंकजेटची शाई इथे कुचकामी. पण सगळं टोनर सारखं नसतं. काही यंत्रांचं जास्त तापमानाला मऊ होतं. मग घरची इस्त्री टेकवून कागद पिवळा पडला, तरी टोनर तांब्याला धरत नाही.

आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी लेझरजेट १०२० सहज दिसतात. दोन्ही सख्खी भावंडं, कार्ट्रिज ‘ट्वेल्व्ह ए’ घराण्यातलं. ती बहुधा अनेकदा रिफिल झालेली असतात, म्हणजे आत कुठली पावडर आहे ते विक्रेत्यालाही माहीत नसतं. माझ्या मते प्रिंटरवर घासाघीस करावी आणि वाचलेल्या पैशात चांगलं कार्ट्रिज घ्यावं. १०२० चं फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम) दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरकडून चढवावं लागतं, तेव्हा आपल्या सिस्टिमवर त्याचा ड्रायव्हर चालतो का, हे आधी बघावं.

दुकानात जाताना खिशात स्टीलची पट्टी आणि पेनड्राइव्हवर स्वतःचं डिझाइन हवं. टोनर सेव्ह (पावडर वाचवायची सोय) बंद करून एक पान पूर्ण काळं छापायला सांगा. साधारण साडेसात सेंटिमीटरवर तोच डाग पुन्हा दिसला तर या कार्ट्रिजमधला ड्रम ओरखडलेला आहे. मग चाळीस पायांच्या आयसीचा नकाशा खऱ्या मापात छापा. पहिल्या पायापासून विसाव्यापर्यंत ४८.२६ मिमी भरायला हवं. कागद सरकतो त्या दिशेने एकदा मोजा, आडवं एकदा मोजा; रोलर झिजलेला असेल तर पहिल्या मापातच अर्ध्या मिलिमीटरची चोरी सापडते.