बालकांची दंतस्वच्छता

पहिला दात हिरडीतून डोकावल्यापासून मूल आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत त्याचे दात रोज घासणे, दातांमधल्या फटी साफ करणे आणि ही दोन्ही कामे हळूहळू त्याच्या हाती सोपवणे, याला बालकांची दंतस्वच्छता म्हणतात. मराठी घरांत ‘दात घासून ये’ हा मुलाला सोडलेला हुकूम असतो आणि तिथेच गाडे अडते. चार वर्षांच्या मुलाचे मनगट अजून तयार झालेले नसते. ब्रश मागच्या दाढेपर्यंत नेऊन तिथे फिरवणे त्याला जमत नाही. ते समोरचे चार दात घासते, पेस्ट चाटते, ब्रश नळाखाली धरते आणि ‘झाले’ म्हणून पळते. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, शेवटचा हात मोठ्या माणसानेच फिरवायचा, असे बालदंतवैद्य सांगतात. लहान वयातले दात घासणे हे मुलाचे नव्हे, घरातल्या मोठ्यांचे काम आहे.

दुधाचे दात एकूण २० : पटाशीचे ८, सुळे ४ आणि दाढा ८. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे पटाशीचे दोन दात येतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे दात येऊन होतात. पडलेला दात कौलांवर फेकायचा किंवा बिळात टाकून उंदीरमामाकडे नवा दात मागायचा, ही गंमत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती जरूर चालावी. मात्र तिच्याजोडीने येणारी ‘दुधाचे दात काय, पडणारच आहेत’ ही समजूत मुलांना फार महागात पडते. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. मूल जेवण चावते ते त्यांच्यावर, आणि कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात त्याही त्याच. एखादी दाढ वेळेआधी काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. शिवाय दुधाच्या दातावरचे एनॅमलचे कवच कायमच्या दाताच्या मानाने साधारण निम्मेच जाड असते आणि आतला मऊ गर पृष्ठभागाला जवळ असतो. म्हणून मोठ्यांच्या दातात सावकाश पसरणारी कीड मुलांच्या दातात झपाट्याने आत उतरते.

याहून मोठी फसगत सहाव्या वर्षीच्या दाढेबाबत होते. ही कायमची दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कुणाला कळतही नाही आणि किडली तर ‘दुधाचीच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. ती पुढे जन्मभर पुरवायची असते. मूल पाच वर्षांचे झाले की महिन्यातून एकदा टॉर्च लावून सगळ्यात मागची जागा बघावी.

‘दाताला कीड लागली’ असे आपण म्हणतो, पण दातात किडा नसतो. दातांवर सतत साचणाऱ्या चिकट थरात, ज्याला प्लाक म्हणतात, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू राहतात. तोंडात साखर किंवा पिठूळ पदार्थ आला की ते त्यापासून आम्ल तयार करतात. थराचा पीएच (आम्लता मोजायचे माप, ते जितके खाली तितके आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लाळ हळूहळू ही आम्लता मोडून काढते. त्याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे जास्त महत्त्वाचे. जेवणाबरोबर खाल्लेली पुरणपोळी दातांना जितकी नडत नाही, तितके दुपारभर हातात असलेले बिस्किट नडते. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलाच्या दातांना रात्रभर संरक्षण नसते. अशा मुलांचे वरचे पटाशीचे दात आधी किडतात. खालचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाने वाचतात. सुरुवात काळ्या डागाने होत नाही. वरचा ओठ उचलून पाहिले, तर हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसते. या टप्प्यावर कीड थांबवता येते. वरचा ओठ उचलून बघायची सवय आईवडिलांनी लावून घेतली, तर कितीतरी मुलांचे दात वाचतील.

पहिला दात आला की मऊ ब्रश सुरू करावा. त्याआधी ओल्या स्वच्छ फडक्याने हिरड्या पुसल्या तरी पुरे. मुलाला समोर उभे करून घासण्यात दोघांचीही दमछाक होते. त्यापेक्षा उवा बघताना आजी डोके मांडीवर घेते तसे मुलाचे डोके मांडीवर घ्यावे. मूल छताकडे बघते, तोंडात उजेड पडतो, एका हाताने गाल बाजूला धरता येतो. ‘ई’ म्हणायला लावले की पुढचे दात उघडे पडतात, ‘आ’ म्हणायला लावले की दाढा. (गालाच्या बाजूने मागच्या दाढेपर्यंत जाताना मात्र तोंड थोडे मिटलेलेच बरे, मोठा ‘आ’ केला की गाल ताणला जातो आणि ब्रशला जागा उरत नाही.) ब्रश आडवा खसाखसा न ओढता दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे छोटी वर्तुळे काढत न्यावा. मूल स्वतः घासू लागले की त्यालाही हीच गोल गोल पद्धत सोपी जाते. ती आल्फ्रेड फोन्स या अमेरिकी दंतवैद्याच्या नावाने ओळखली जाते. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी १९१३ मध्ये त्यांनी दंतस्वच्छता-सहायिकांची पहिली शाळा काढली आणि तिथल्या स्त्रियांना शाळाशाळांत मुलांचे दात स्वच्छ करायला पाठवले.

पेस्ट फ्लोराइडची असावी. फ्लोराइडमुळे एनॅमलमधले गेलेले क्षार परत बसायला मदत होते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पेस्ट दाखवतात, ती मुलांसाठी नव्हे. लहान मुले पेस्ट गिळतात, आणि कायमचे दात हाडात घडत असताना फ्लोराइड जास्त झाले तर त्यांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांच्या भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची स्वीकारार्ह मर्यादा आहे. अशा गावांत पेस्ट कोणती आणि किती, हे दंतवैद्याला विचारूनच ठरवावे.

आपल्याकडे दात घासल्यावर खळखळून चार-पाच चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखे वाटत नाही. त्या चुळांबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. मुलाला फेस थुंकायला शिकवावे आणि तेवढ्यावर थांबावे.

फ्लॉस : म्हणजे दोन दातांच्या मधून फिरवायचा बारीक धागा. याला मराठीत रुळलेला शब्द नाही, कारण ही वस्तूच घरात नव्हती. दातकोरणे होते, ते नसले की आगपेटीची काडी किंवा टाचणी. फ्लॉस त्या जातीचा नाही. अडकलेला सुपारीचा तुकडा काढण्यासाठी तो नसतो, तर ब्रशचे केस पोचतच नाहीत अशा दोन दातांच्या स्पर्शाच्या जागेवरचा थर पुसण्यासाठी असतो. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी १८१९ मध्ये मेण लावलेला रेशमी धागा यासाठी सुचवला होता. मुलांमध्ये त्याची गरज कधी सुरू होते, याचे उत्तर वयात नाही, तोंडात आहे. दातांत फटी असतील तोवर ब्रश पुरतो. दात एकमेकांना चिकटले की फ्लॉस लागतो. दुधाच्या दोन दाढा साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत एकमेकींना टेकतात आणि त्यांचा स्पर्श सपाट, रुंद असतो. तिथली कीड वरून दिसत नाही. दाढ बाहेरून धडधाकट असते आणि एके दिवशी चकली चावताना तिची कड ढासळते.

मोठ्यांच्या पद्धतीने करायचे तर हातभर, सुमारे ४५ सेंटिमीटर, धागा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळतात आणि मधे दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरतात. तो करवतीसारखा हलक्या हाताने सरकवत खाली न्यायचा. झटक्याने दाबला तर हिरडी कापते, आणि मग ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. खाली गेल्यावर धागा आधी एका दातावर, मग शेजारच्या दातावर कवेत घेतल्यासारखा वळवून खालून वर पुसायचा. लहान तोंडात दोन बोटे घालणे अवघड जाते, म्हणून गलोलीसारख्या मुठीवर ताणलेला तयार फ्लॉस सोयीचा. सुरुवातीला थोडे रक्त येऊ शकते. ते हिरडी सुजल्याचे लक्षण आहे. रोज केले की आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते, न थांबल्यास दाखवावे. रोज एकदा, रात्री, आणि वेळ नसेल तर निदान दाढांमधल्या चार जागा.

याचा उपयोग किती? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले, की फ्लोराइड फारसे न मिळणाऱ्या लहान मुलांना शाळेच्या दिवसांत प्रशिक्षित व्यक्तींनी सुमारे पावणेदोन वर्षे फ्लॉस केला, तेव्हा फटींतल्या किडीचा धोका ४० टक्क्यांनी घटला. किशोरवयीन मुलांनी आपापले केले तेव्हा मात्र फरक पडला नाही. धागा तोच, हात वेगळा. मोठ्यांच्या हाताबद्दल वर जे म्हटले आहे, त्याला याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

दिवसातून दोनदा दात घासणे हे काही परक्यांकडून आलेले खूळ नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दातवण दोन्ही वेळा, हिरड्यांना इजा न करता करावे असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्या घरांतून रात्रीची वेळ केव्हातरी गळून पडली आणि सकाळचे तोंड धुणे तेवढे राहिले; दातांच्या दृष्टीने गळली तीच जास्त मोलाची. राखुंडीने किंवा कोळशाच्या पुडीने दात लखलखीत दिसतात, पण खरखरीत पूड एनॅमल झिजवते आणि मुलांचे एनॅमल मुळातच पातळ. मिश्रीचा प्रकार त्याहून घातक आहे. तव्यावर काळी भाजलेली ही तंबाखूच असते. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्याला ती बंदी लागू होत नाही. दाढ दुखते म्हणून मुलाच्या हिरडीला चिमूटभर मिश्री चोळण्याची चाल काही घरांत आजही आहे. ती ताबडतोब थांबायला हवी. मूल सांगितलेले नव्हे, पाहिलेले उचलते. आजी ओट्यावर बसून मिश्री लावत असेल, तर नातीचे बोटही त्याच डबीकडे जाते.

सवय लागते ती आधीच्या एखाद्या पक्क्या गोष्टीला बांधली की. जेवण, ब्रश, गोष्ट, झोप हा क्रम रोज तोच ठेवला, तर महिन्याभरात मूलच ब्रशची आठवण करून देते. गोष्ट शेवटी असावी, म्हणजे ब्रशमागे काहीतरी हवेसे वाट पाहत असते. एक ब्रश मुलाच्या हातात, दुसरा आईच्या हातात ठेवला की ओढाताण निम्मी होते. आधी त्याने बाबांचे दात घासायचे, मग बाबांनी त्याचे. ‘घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी कुणीही देऊ नये. पुढे खरोखर दवाखान्यात न्यायची वेळ आली की तीच भीती आडवी येते. पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, दुखत नसताना. प्रत्यक्षात बहुतेक मुले पहिल्यांदा जातात ती गाल सुजल्यावर. २००२-०३ च्या राष्ट्रीय मुखस्वास्थ्य सर्वेक्षणात ५ वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्क्यांच्या दातांत कीड आढळली होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

आठव्या-नवव्या वर्षी ब्रश पूर्णपणे मुलाकडे गेला, तरी फ्लॉस आणखी वर्ष-दोन वर्षे मोठ्यांकडेच राहतो. तपासताना समोरचे दात बघून समाधान मानू नये. खालच्या दाढांची जिभेकडची बाजू सगळ्यात शेवटी जमते. तिथे बोट फिरवून बुळबुळीत लागले, तर ब्रश पुन्हा एकदा आपल्या हातात घ्यावा.